उन्हाळी टंचाईचे पावसाळी मूळ : रत्नागिरीच्या मांडवी परिसराच्या अनुषंगाने

प्रतिवर्षी एप्रिल संपत आला की रत्नागिरी जिल्ह्यातून ठरावीक स्वरूपाच्या वार्ता येऊ लागतात. विहिरींनी तळ गाठला, एखाद्या वाडीस टँकर सुरू झाला, नळाचे पाणी एक दिवसाआड सोडण्याचा विचार चालू आहे. देशावरील वाचकास हे कोडेच वाटावे. कारण ज्या जिल्ह्यात वर्षास सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे टंचाई कसली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे. आमच्या मते ही टंचाई पावसाची नसून पाणी थांबण्याची आहे.

यांपैकी बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे व उतार तीव्र असल्यामुळे वहाळ आणि नद्या ते पाणी फार लवकर समुद्रास मिळवितात. जे जमिनीत मुरते त्याचीही गत वेगळी नाही. रत्नागिरीचे सडे जांभा खडकाचे आहेत. बुकानन याने १८०७ साली मलबारच्या वर्णनात ज्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तोच हा खडक. तो सच्छिद्र असल्याने पाणी तत्परतेने आत घेतो. परंतु खालच्या चिकणमातीसारख्या थरावर ते अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळ्यानंतर काही महिने हे झरे वाहतात, शिमग्याच्या सुमारास क्षीण होतात आणि वैशाखात त्यांतील अनेक आटतात. जांभा पाणी घेण्यास जितका उदार, तितकाच ते सोडून देण्यासही!

मांडवीची स्थिती याहून नाजूक आहे. रत्नदुर्ग आणि भाट्ये खाडीचे मुख यांच्या दरम्यानच्या या किनारपट्टीवर जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खाऱ्या पाण्याची घनता सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक असते. घायबेन व हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी सापडावे. हाच नियम उलट बाजूने वाचला असता त्यातील धोका ध्यानात येतो. पातळी अर्धा मीटर उतरली, तर समतोल साधेपर्यंत खारे पाणी २० मीटर वर सरकू शकते. रहाटाने उपसण्यास मनुष्याच्या बळाची मर्यादा होती. विजेच्या पंपास ती राहिली नाही. आटलेली विहीर पहिल्या पावसाने भरते. खारी झालेली विहीर गोडी होण्यास मात्र कित्येक पावसाळे लागू शकतात. किनाऱ्यावरील खरा प्रश्न म्हणूनच विहीर आटण्याचा नाही, ती खारी होण्याचा आहे.

आता उपायांचे मोजमाप पाहू. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३०० घनमीटर पाणी पडते. त्यातील पंचमांश वाया गेले असे धरले तरी २,४०,००० लिटर उरते. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास दररोज ५० लिटर पुरे धरल्यास मार्चपासून पाऊस येईतो शंभर दिवसांना ५००० लिटर लागतील. एवढी टाकी घराच्या कोपऱ्यात मावते. परंतु शहरी पुरवठ्याच्या दरडोई १३५ लिटर या मानाने सर्वच गरज भागवावयाची म्हटल्यास ६७,५०० लिटरचा साठा हवा, म्हणजे पाच मीटर लांबरुंद व पावणेतीन मीटर उंचीची एक खोलीच! तात्पर्य, छपराचे पाणी पिण्यापुरते साठवावे आणि उरलेले गाळून विहिरीत सोडावे. ते सर्वच्या सर्व उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही हे खरे. पण जेवढे टिकेल तेवढा दाब खाऱ्या पाण्यास मागे रेटील.

शहरास मुख्यतः शीळ धरणाचे पाणी नळाने मिळते, म्हणून किनाऱ्याच्या विहिरींकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. तथापि नळाचे पाणी कमी झाले की भार पुन्हा त्याच विहिरींवर पडतो, आणि तोही त्यांची पातळी सर्वांत खाली असताना.

चढावरील गावांसाठी पोत्यांत माती वा वाळू भरून घातलेला कच्चा बंधारा हा स्वस्त उपाय सर्वपरिचित आहे. त्याचे यश मात्र काळवेळेवर अवलंबून असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वहाळ वाहता असतानाच, तो घातला तर आजूबाजूच्या विहिरींस लाभ होतो; वहाळ आटल्यावर घातलेला बंधारा पाणी नव्हे, केवळ कोरडी हवा अडवितो. टंचाईची वार्ता वैशाखात छापली जाते. तिचे कारण आश्विन-कार्तिकातच घडून गेलेले असते. टँकरसाठी धावपळ करणारी यंत्रणा आणि उत्सुकतेने वार्ता वाचणारे आपण, दोघेही सहा महिने उशिरा जागे होतो.

या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. मांडवी ते भाट्ये या पट्ट्यातील निवडक विहिरींची पातळी व क्षारता ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत सलग काही वर्षे, भरती-ओहोटीची वेळ नोंदवून मोजावी. त्यास दोर, टेप आणि विद्युत्‌वाहकता मोजण्याचे एक साधे उपकरण पुरते. कोणत्या विहिरीचा उपसा केव्हा थांबवावा, हे अशा नोंदीवरून उन्हाळ्यापूर्वीच सांगता येईल. आणि विहीर एकदा खारी झाल्यावर ते सांगण्यास फारसा अर्थ उरत नाही.