दहावीचं गणित: ०४१ की २४१?

जबलपुरात जीसीएफच्या किंवा खमरियाच्या केंद्रीय विद्यालयात, नाहीतर सीबीएसईच्या एखाद्या खासगी शाळेत मूल दहावीला गेलं, की पावसाळा सरता सरता घरात एक प्रश्न येऊन बसतो: गणित बेसिक घ्यायचं की स्टँडर्ड? नागपूरच्या मावशीला विचारून फारसा उपयोग होत नाही. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांनाच बीजगणित आणि भूमितीचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात. मध्ये काही वर्षं तिथे सामान्य गणिताचा पर्याय होता, तोही बंद झाला. भोपाळच्या राज्य मंडळाने बेसिक-स्टँडर्डची वाट धरली आहे, पण त्यांचे नियम त्यांचे. इथे सीबीएसईपुरतंच पाहू.

सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे दोन पेपर केले. स्टँडर्डचा सांकेतिक क्रमांक ०४१, बेसिकचा २४१. पालकांचा पहिला गैरसमज इथेच होतो. बेसिक म्हणजे अर्धं पुस्तक, त्रिकोणमिती गाळलेली, असं अनेकांना वाटतं. तसं काहीही नाही. पुस्तक तेच, धडे तेच, वर्ग तोच, बाईही त्याच. शाळेच्या हातातले २० गुणही दोघांना सारख्याच रीतीने मिळतात. लेखी परीक्षा दोन्हीकडे ८० गुणांची आणि तीन तासांची. बीजगणिताला २०, भूमितीला १५, त्रिकोणमितीला १२, ही वाटणीसुद्धा एकच. त्यामुळे अभ्यास कमी व्हावा म्हणून बेसिक घेणाऱ्याची निराशाच होते.

फरक पडतो तो प्रश्नांच्या जातीत. अलीकडच्या वर्षांच्या आराखड्यात स्टँडर्डच्या ८० पैकी ४३ गुण आठवणं आणि समजणं तपासणाऱ्या प्रश्नांना आहेत, १९ वापरून दाखवण्याला आणि १८ विश्लेषणाला. बेसिकमध्ये हेच आकडे ६०, १२ आणि ८ असे होतात.

आकड्यांवरून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. जबलपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी एकसमान वेगाने २४० किलोमीटर जाते. वेग ताशी २० किलोमीटरने जास्त असता, तर ती एक तास आधी पोचली असती. तर मूळ वेग किती? वेगाला ‘क्ष’ मानायचं. आत्ता लागणारा वेळ २४० भागिले क्ष, वाढीव वेगाने लागणारा २४० भागिले (क्ष + २०), आणि या दोहोंतला फरक १. छेद काढले, की उरतं क्ष² + २०क्ष − ४८०० = ०. अवयव पाडले, (क्ष + ८०)(क्ष − ६०). वेग उणे असू शकत नाही, तेव्हा उत्तर ताशी ६० किलोमीटर. पडताळा घ्या: साठाने चार तास, ऐंशीने तीन.

या गणिताचे दोन तुकडे आहेत. गाडीच्या गोष्टीतून समीकरणापर्यंत पोचणं हा पहिला, आणि हाती आलेलं समीकरण सोडवणं हा दुसरा. बेसिकचा पेपर बराचसा दुसऱ्या तुकड्यावर चालतो. समीकरण छापून देतो आणि सोडवा म्हणतो. स्टँडर्डला पहिल्या तुकड्याची भूक जास्त. अर्थात बेसिकमध्ये शाब्दिक उदाहरणं अजिबात नसतात असं नाही. तिथेही प्रसंग देऊन त्यावर विचारलेले प्रश्न असतात, फक्त ते सरळ असतात.

म्हणूनच मला ‘गणितात किती पडतात?’ यापेक्षा ‘गुण कुठे जातात?’ हा प्रश्न कामाचा वाटतो. मंडळ दरवर्षी दोन्ही पेपरांचे नमुने फुकट देतं. एका रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरा, घड्याळ लावून तीन तास बसवा आणि मग पेपर तपासताना लाल पेन कुठे थांबतं ते पाहा. आकडेमोडीत घसरणाऱ्या मुलाला सरावाने सुधारता येतं, त्याला घाईने बेसिकला टाकू नये. समीकरण मांडताच येत नसेल, आणि वर्षभर सांगूनही येत नसेल, तर अकरावीचं गणित त्याच्या डोक्यावरून जाणार आहे, मग दहावीत काहीही घेतलेलं असो.

आता अकरावी. मूळ नियम असा, की बेसिक घेऊन पास झालेल्याला अकरावीत गणित, म्हणजे ०४१, हवं असेल तर त्याने कंपार्टमेंटच्या, म्हणजे पुरवणी परीक्षेच्या, वेळी स्टँडर्डची परीक्षा पास व्हावी. कोरोनापासून मंडळ या नियमात सवलत देत आलं. मुलाला झेपेल अशी मुख्याध्यापकांची खात्री झाली की प्रवेश. पण ती शेवटी सवलतच, तेव्हा गेल्या साली शेजारच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेलच असं धरू नये. चालू वर्षाचं परिपत्रक शाळेत जाऊन वाचावं. उलट बाजूही माहीत असू द्या: स्टँडर्डमध्ये नापास झालेल्याला कंपार्टमेंटला बेसिक देता येतं.

बेसिकवाल्याला अकरावीत अप्लाइड मॅथेमॅटिक्सची वाट उघडी असते. त्यात कर्जाचे हप्ते, कालश्रेणी, संख्याशास्त्र असा व्यापाराला लागणारा मजकूर आहे. (त्याचाही क्रमांक २४१च, हा घोळ मंडळाला का सुचला कोण जाणे.) कॉमर्सला, पुढे सीएला जायचं असेल तर ही वाट चांगली आहे. इंजिनीअरिंगला मात्र ती चालेल असं गृहीत धरू नका. जबलपूर इंजिनीअरिंग कॉलेज किंवा ट्रिपल आयटी डोळ्यांपुढे असेल, तर स्टँडर्डच घ्या.

आपलं गाव छावणीचं, त्यामुळे एनडीएचा विषय घराघरात निघतो. वायुसेना आणि नौसेनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लष्करासाठी बारावीत गणिताची अट नाही, पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात आणि ते सगळ्यांनाच. मेडिकलवाले म्हणतात आम्हाला गणित नकोच. नीटला ते नाही हे खरं, पण अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिल्याच महिन्यात सदिश आणि त्रिकोणमिती पुढ्यात येते, तेव्हा डॉक्टर व्हायचं म्हणून डोळे मिटून बेसिक घेऊ नये.

शाखा ठरलेली नसेल आणि मूल गणितात बरं असेल, तर मी स्टँडर्डकडे झुकेन. पण पास होण्याचीच काळजी असलेल्या मुलाला लोक काय म्हणतील म्हणून स्टँडर्डला बसवणं हा निव्वळ हट्ट. त्यात गणित तर जातंच, वर विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचा वेळही खाल्ला जातो.

निवड दहावीत मंडळाकडे परीक्षार्थींची यादी जाते तेव्हा पक्की होते. नववीत काही ठरवावं लागत नाही. यादी पाठवण्याआधी शाळा तपशील तपासायला देते. नाव आणि जन्मतारीख सगळेच पाहतात. गणितापुढे ०४१ आहे की २४१, तेही बोट ठेवून पाहावं, कारण यादी गेल्यावर बदल करायचा म्हणजे मंडळाच्या मुदती आणि शाळेच्या खेपा.