गाडीचं तेल बदला, पण अंगण राखा!

मैत्रिणींनो, अनारसे तळायला बसलात, पहिला अनारसा तुपात सोडला आणि झाराच सापडेना, असं कधी झालंय का? आपण फडताळं धुंडाळेपर्यंत कढईत अनारसा हसून मोकळा! गाडीच्या इंजिनातलं तेल बदलताना नेमकं असंच होतं. बोल्ट एकदा सुटला की काळं तेल तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून या कामातली निम्मी हुशारी आधीच्या तयारीत आहे आणि उरलेली निम्मी शेवटच्या आवराआवरीत. मधलं काम खरं तर अर्ध्या-पाऊण तासाचं!

हे शहाणपण मला आपोआप आलं नाही. आमच्या गाडीचं सगळं पूर्वी ‘हे’ बघत. 2019 साली त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात अधू झाला आणि गाडी माझ्याकडे आली. पहिल्या वर्षी मी ती एका गॅरेजात टाकली. बिलात नवं तेल, नवा फिल्टर, सगळं होतं. घरी आल्यावर ह्यांनी मला डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून बघायला सांगितली. तेल डांबरासारखं काळं! डिझेलच्या इंजिनात नवं तेलही लगेच काळवंडतं; पण आमची गाडी पेट्रोलवरची. तिच्यात आज घातलेलं तेल मधासारखं दिसायला हवं. जाब विचारायला गेले तर ‘बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतं?’ एवढं ऐकून परत आले. त्या दिवशी ठरवलं, आता कळून घ्यायचंच.

पण पहिल्या खेपेला मी जो घोळ घातला! मोरीतली बादली घेतली. ती उंच, गाडीखाली जाईना, म्हणून तिरकी ठेवली. तेलाची धार भलतीकडेच गेली. घाबरून वर पाणी ओतलं, तर तवंग फाटकापर्यंत पसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाले काका त्यावरून घसरले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण आठ दिवस त्यांच्याऐवजी त्यांचा मुलगा दूध घालत होता. त्या आठ दिवसांत दार उघडायलासुद्धा मला लाज वाटे. तेव्हापासून तेलाचा थेंबही जमिनीवर पडू द्यायचा नाही, असा नेमच केलाय.

साहित्य

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी काढा. कोणत्या दर्जाचं तेल, किती लिटर आणि किती दिवसांनी, हे तिच्यात असतं. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. डब्यावर 5डब्ल्यू-30 असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ‘डब्ल्यू’ थंडीसाठीचा. पहिला आकडा थंड तेल किती पातळ राहतं ते सांगतो आणि दुसरा तापलेल्या तेलाचा. हे आकडे पुस्तिकेशी जुळले पाहिजेत. लहान पेट्रोल गाड्यांना साधारण तीन लिटरच्या आसपास तेल लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर तिच्या अटी आधी वाचा आणि तेल-फिल्टरच्या पावत्या जपून ठेवा.

याशिवाय: नवा फिल्टर, बोल्टसाठी नवा वॉशर, बोल्टला चपखल बसणारा रिंग पाना, बांधकामावरचं पसरट घमेलं, नरसाळं, रबरी हातमोजे, फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, रद्दी, जुनी धडुती, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि डबाभर लाकडाचा भुसा. घमेलं उथळ पण ऐसपैस हवं. सगळं तेल मावून वर चार बोटं जागा उरली पाहिजे.

आधी जीव सांभाळा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा. खाली पुरेशी जागा नसेल तर पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवा आणि मागच्या चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांवर तर नकोच. त्या अचानक फुटतात. रॅम्प नसेल, वाकवत नसेल, तर वरूनच पट्टीच्या नळीत बारीक नळी घालून तेल ओढणारा हातपंप मिळतो. काही गाड्यांचा फिल्टरही वरून निघतो. तसं असेल तर खाली शिरायची गरजच नाही.

सोसायटीत राहत असाल तर पार्किंगमध्ये काम करण्याआधी विचारून घ्या. मुलांना आणि मांजरांना तेवढा वेळ घरात ठेवा.

कृती

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. थंड तेल घट्ट असतं, सावकाश निथळतं आणि गाळ मागे ठेवतं. अगदी तापलेलं हात भाजतं. अंगाला लावायच्या तेलाइतकं कोमट हवं.

पुठ्ठा पसरा, वर रद्दी घाला, मग घमेलं. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. त्याच्या खालच्या बाजूला तेल सोडायचा बोल्ट दिसेल. पान्याने तो फक्त सैल करा. पुढे बोटांनी फिरवा, पण फिरवताना बोल्ट आत दाबून धरा. आटे संपले की तो चटकन बाजूला घ्या. असं केलं की तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही आणि बोल्टही घमेल्यात पडत नाही.

आता खरी मेख ऐका. बोल्ट आडवा असेल तर तेलाची धार सरळ खाली पडत नाही. सुरुवातीला जोर असतो, तेव्हा ती वीतभर लांब झेपावते. जोर ओसरला की मागे मागे येते. म्हणून घमेलं आधी थोडं पुढे ठेवा आणि धारेबरोबर मागे सरकवा. शेवटी शेवटी धार दोऱ्याएवढी होते आणि वाऱ्याने हलते. वारा असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. मग बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून, आधी हाताने आणि मग पान्याने आवळा. अंगातली सगळी ताकद लावू नका. बऱ्याच चेंबरांचे आटे ॲल्युमिनियमचे असतात. ते गेले तर खर्चाचं काम होतं.

आता फिल्टर. त्यातही तेल साठलेलं असतं. सैल झाल्यावर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीसकटच फिरवून काढा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन कड्या एकावर एक बसल्या तर तेल बाहेर उसळतं. नव्या कडीला नव्या तेलाचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच बसवा. कडी टेकल्यावर आणखी साधारण पाऊण फेरा. नक्की किती ते फिल्टरच्या खोक्यावर छापलेलं असतं.

वरून नरसाळ्याने तेल घाला, पण सांगितल्यापेक्षा थोडं कमीच. झाकण लावून इंजिन मिनिटभर चालवा. तेलाचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच इंजिन बंद करा. खाली कुठे ठिबकत नाही ना, ते बघा. गाडी सपाट जागी आणून दहा मिनिटं थांबा आणि पट्टी पुसून मोजा. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. वरची खूण ओलांडायची नाही. जास्त तेलही इंजिनाला बाधतं.

सांडलंच तर

पाणी ओतू नका! माझी चूक हीच. भुसा नाहीतर चुलीतली थंड राख टाका, तासभर मुरू द्या आणि केरसुणीने गोळा करा. मग कोरड्या जागेवर साबणाची पूड घालून ब्रशने घासा आणि ओल्या धडुत्याने टिपून घ्या. गटारात काही जाऊ देऊ नका. तेलकट भुसा आणि धडुती वेगळी बांधून, ओल्या कचऱ्यात न मिसळता, घातक कचरा म्हणून द्या.

हाताला लागलं तर रॉकेल-पेट्रोल चोळू नका. चमचाभर गोडं तेल चोळा, कागदाने पुसा, मग साबण. इंजिनाचं वापरलेलं तेल वारंवार अंगाला लागणं वाईट. त्याने त्वचेचे रोग होतात, कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून हातमोजे हवेतच.

काळ्या तेलाचं काय करायचं?

नवं तेल इंजिनात गेलं की त्याचाच डबा रिकामा होतो. घमेल्यातलं तेल नरसाळ्याने त्यातच भरा, मापाला माप! गोड्या तेलाच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. घरात लहान मूल, म्हातारं माणूस असतं. कुणी काय समजेल सांगता येत नाही. डब्यावर ‘खराब तेल’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

हे तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, झाडाच्या बुंध्याशी ओततात, बंब पेटवायला वापरतात. यातलं काहीच करू नका. शिसं-जस्तासारखे धातू आणि जळकट विषारी द्रव्यं त्यात असतात; ती मातीतून विहिरीत उतरतात, धुरातून छातीत जातात. मोठ्या सर्व्हिसिंग केंद्रांत जुन्या तेलाची पिंपं असतात आणि ती शुद्धीकरणाला जातात. काम काढण्याआधीच विचारून ठेवा, ‘आमचा डबा घ्याल का?’ मला दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने घेतला.

शेवटी वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. आमची ती वही ह्यांच्याकडे असते. मी गाडीखाली असते, तेव्हा हे ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि ‘घमेलं मागे घे, मागे!’ असा पुकारा करतात. हात चालत नसला तरी नजर पक्की आहे. डाव्या हाताने लिहिलेल्या त्या नोंदी सुरुवातीला वाचता येत नव्हत्या, आता येतात.

आणि दूधवाले काका? मागच्या खेपेला काम उरकल्यावर त्यांनी फाटकापासून ओट्यापर्यंत जमीन निरखून पाहिली, पायाने चाचपली, आणि म्हणाले, ‘वहिनी, आज चालायला हरकत नाही!’