गाडीनं जर्क मारला!

'गाडी लई जर्क मारायलीय बघा!' हे वाक्य बीड जिल्ह्यातल्या एस.टी.त ज्याने ऐकले नाही, त्याने तिथे फारसा प्रवास केला नाही असे खुशाल समजावे. म्हणणारी आजी कधी शाळेची पायरी चढलेली नसते, पण 'जर्क' तिला परका वाटत नाही. तो तिने पुस्तकातून घेतलेला नाही, मोटारीतून घेतला आहे. यंत्र आले की त्याचे शब्दही मागोमाग येतात. क्लच आला, ब्रेक आला, पंक्चर आले, तसाच जर्क आला.

याचे वाईट वाटून घ्यावे काय? मला तसे वाटत नाही. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला आहे. हाच जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळातले कितीतरी उर्दू-फारसी शब्द इथल्या बोलीत मुरले आहेत. शब्द घेतल्याने भाषा गरीब होत नाही. घेतलेल्या एका शब्दाने घरचे दहा शब्द बाहेर घालवले, तर मात्र ती गरीब होते.

मोटारीपुरता हा शब्द अगदी चपखल आहे. वेग ज्या दराने बदलतो त्याला पदार्थविज्ञानात त्वरण म्हणतात आणि खुद्द त्वरण ज्या दराने बदलते त्याला इंग्रजीत 'जर्क' म्हणतात. गाडी वेगात असली तरी एकसारखी चालली तर उभा प्रवासीही स्थिर राहतो. चालकाने क्लच एकदम सोडला, की स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही आणि तो शेजाऱ्याच्या अंगावर जातो.

पण अचानक, तोल घालवणाऱ्या हालचालींना मराठीत शब्दांचा काय तोटा? बैलाने कासरा ओढला की हाताला बसतो तो हिसका. चाक खड्ड्यात उतरले की बसतो तो गचका. होडी हेलकावे खाते, घागरीतले पाणी हिंदकळते, दारू प्यालेला झोकांड्या खातो, थकलेल्याचे पाय लटपटतात. ओढले कोणी, हालचाल एकदाच झाली की पुन्हापुन्हा, हे सारे त्या एकेका शब्दात आलेले असते. 'जर्क' म्हटले की यातले काहीच कळत नाही.

इथवर ही गोष्ट भाषेची झाली. पण हाच शब्द गाडीतून उतरून माणसाच्या अंगात शिरला, तेव्हा ती आरोग्याची झाली. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल तोडलेल्या टनांवर फेडायची. उसाची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढताना पाय घसरतो आणि दवाखान्यात ती बाई एवढेच सांगते, 'पाठीत जर्क बसला.'

म्हणजे नेमके काय झाले? वाकताना उसण भरली? क्षणभर चमक निघाली? कंबर लचकली? की पाठीतून कळ निघून पायाला मुंग्या आल्या? उसण शेकाने आणि विश्रांतीने बहुधा बरी होते. कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर मणक्याजवळची शीर दाबली गेल्याची शंका घ्यावी लागते आणि तपासणी लांबवून चालत नाही. कामाचा एक खाडा पडला तरी मजुरी बुडते. अशा बाईला नुसती वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवले, तर उद्या ती पुन्हा मोळी उचलणारच.

लेकरांच्या बाबतीतही तेच. 'पोराला जर्क येतात' असे आई म्हणते, तेव्हा पोर झोपेत दचकते की त्याला आकडी येते? पहिले बहुधा साधे असते, दुसऱ्याला डॉक्टर हवाच.

म्हणून डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. रुग्ण 'जर्क' म्हणाला की पुढे एक प्रश्न विचारा, 'म्हणजे कसं झालं, बाई?' घरातल्या थोरांनीही लेकी-सुनांपुढे उसण, लचक, चमक, कळ हे शब्द वापरत राहावे. वापरातला शब्दच अडचणीच्या वेळी आठवतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. त्या पहाटेविषयी बोलताना कुणी 'जर्क' म्हटलेले मी ऐकलेले नाही. 'हादरा' म्हणतात, 'धक्का' म्हणतात. जिवावर बेतते तेव्हा घरचा शब्दच तोंडी येतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात रेल्वे आली. तीही आपले शब्द घेऊन येईल. येऊ द्यात! जर्क गाडीला लखलाभ असो, अंगाचे दुखणे मात्र आपल्या शब्दांत सांगू या.