दीर्घ आजारपण आणि नोकरी

घरातील कर्त्या माणसाला दीर्घ आजाराने गाठले म्हणजे औषधपाण्याच्या चिंतेपाठोपाठ पगाराची आणि नोकरीची चिंता उभी राहते. अशा वेळी मालकाचे कर्तव्य काय आणि कामगाराचा हक्क कोणता, हे इस्रायलच्या कायद्यात बरेचसे स्पष्ट आहे. त्याची माहिती संकट येण्यापूर्वीच प्रत्येक कुटुंबाला असावी, म्हणून हे विवेचन.

मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांना १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आठवत असेल. त्यात आजारपणाचा भत्ता मालक नव्हे, तर विमा महामंडळ देते. येथे सर्वसाधारण आजारात हा भार मालकावर असतो. १९७६ च्या ‘देमेई माखला’ कायद्यान्वये पूर्ण वेळ काम करणाऱ्याच्या खाती दरमहा दीड दिवस जमा होतो; वर्षाला अठरा, आणि जास्तीत जास्त नव्वद. म्हणजे एकही दिवस खर्च न करता हे खाते भरावयास पाच वर्षे लागतात. आजाराच्या पहिल्या दिवसाचे वेतन मिळत नाही, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी निम्मे आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण मिळते. कामगार-करारात याहून चांगल्या अटी असू शकतात. तो अवश्य पाहावा.

जमा दिवसांचे वेतन चालू असेपर्यंत आजारी कामगाराला कामावरून काढता येत नाही. आजारपणापूर्वीच नोटीस दिली असेल किंवा धंदाच बंद पडला असेल, तर गोष्ट वेगळी. दिवस संपल्यानंतर मात्र हे संरक्षण उरत नाही. तरीही ‘शिमुआ’, म्हणजे कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे, मालकाला टळत नाही. शिवाय आजाराने कायमचे अपंगत्व आले असल्यास १९९८ च्या समान हक्क कायद्याप्रमाणे कामाचे स्वरूप वा वेळ वाजवी मर्यादेत बदलून देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. सुज्ञ मालक रजेच्या काळातही विचारपूस ठेवतो आणि परतणाऱ्यास प्रथम हलके काम देतो. अनुभवी माणूस गमावण्यापेक्षा ते त्यालाही परवडते.

खरी अडचण पुढेच आहे. बितुआख लेउमीची अपंगत्व-पेन्शन कमाईची शक्ती निदान निम्म्याने घटल्यावर, ठरावीक वैद्यकीय अटी पूर्ण झाल्यास, ९१ व्या दिवसापासून मिळू शकते. ज्याचे नव्वद दिवस शिल्लक आहेत, त्याची साखळी जुळते. परंतु दोनच वर्षे नोकरी झालेल्या माणसाजवळ फार तर छत्तीस दिवस असतात. मधल्या काळात घर कशावर चालावे? म्हणून किरकोळ कारणासाठी हे दिवस उधळू नयेत. आपल्या पेन्शन फंडात कार्यक्षमता गमावल्याचा विमा आहे की नाही, हेही आजच पाहून ठेवावे.

दुखापत कामावर झाली असेल, तर मार्ग निराळा. तेथे बितुआख लेउमी कमाईच्या ७५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९१ दिवस देते. मागणीअर्ज बारा महिन्यांच्या आत करावयाचा असतो.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. खचून जाऊन घाईने राजीनामा लिहून देऊ नये. एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराला प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडावी लागल्यास १९६३ च्या कायद्याप्रमाणे ‘पित्सुइम’चा हक्क राहतो, मात्र त्यासाठी वैद्यकीय दाखला हवा, आणि झेपेल असे दुसरे काम देण्याची संधी मालकाला दिलेली असावी. तेव्हा कुपत खोलीमचा प्रत्येक दाखला वेळेवर मालकाकडे पोचवावा, त्याची प्रत घरी ठेवावी आणि पगाराच्या ‘तलूश’वरील आजारपणाच्या दिवसांचा आकडा दरमहा वाचावा. हिब्रू वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे काम मुलांनी व नातवंडांनी करून द्यावे.