डोळ्यांखालची पिशवी : पाणी, चरबी की कातडी?

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला की पुण्याहून किंवा सांगलीहून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डोळे का सुजलेत गं? झोप नाही का झाली?" आईच्या नजरेतून काही सुटत नाही. पण दर वेळी दोष झोपेचाच असतो असं नाही. डोळे सुजलेले दिसण्यामागे निदान तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. आपलं कारण कोणतं हे न ओळखताच आपण महागडी क्रीम आणतो आणि महिन्याभराने ती डबी कपाटात मागे ढकलून देतो.

पापणीची त्वचा ही आपल्या शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच. त्यामुळे तिथे थोडं पाणी साचलं तरी लगेच दिसतं. डोळ्याच्या खोबणीत मात्र डोळ्याला आधार देणारी चरबी असते आणि ती एका पातळ पडद्याने मागे धरून ठेवलेली असते. पाणी, चरबी आणि कातडी, सगळा मामला या तिघांचा.

पाण्याची सूज ओळखायला सोपी. ती सकाळी जास्त असते आणि दुपारपर्यंत उतरते. रात्रभर आडवं झोपल्यामुळे चेहऱ्यात साचलेलं पाणी उठून हिंडू-फिरू लागल्यावर खाली ओसरतं. जेवणात मीठ जास्त झालं की ही सूज वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावं. गावाहून आलेलं लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि त्यात दिवाळीचा चिवडा, शेव, चकली यांची बेरीज केली तर भाऊबीजेच्या फोटोत डोळे का सुजलेले दिसतात ते कळेल. फराळ सोडायला कुणी सांगत नाही. पण त्या चार दिवसांत वरून मीठ घेऊ नये, पाणी पुरेसं प्यावं आणि उशाला एक उशी जास्त घ्यावी. सकाळी थंड पाण्याची घडी दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवावी. काकडीच्या चकत्या किंवा गार केलेल्या चहाच्या पिशव्याही चालतील, गुण मुख्यतः गारव्याचा असतो. बर्फ मात्र थेट त्वचेला लावू नये.

पाण्याच्या सुजेचं दुसरं मोठं कारण म्हणजे अ‍ॅलर्जी. डोळ्यांना खाज असेल तर आधी हीच शंका घ्यावी. मस्कतमध्ये तिला निमित्तं भरपूर : वाऱ्याबरोबर येणारी धूळ, वेड्या बाभळीचे पराग, महिनोन्‌महिने न धुतलेली एसीची जाळी, बंद खोलीतला बखूरचा धूर. केसांच्या रंगाने पापणी सुजते, आणि नखांच्या पॉलिशनेही, कारण आपला हात दिवसभर डोळ्यांकडे जात असतो. डोळे चोळल्याने खाज क्षणभर थांबते, पण सूज वाढते आणि वर्षानुवर्षं चोळत राहिल्यास त्वचा सैल पडते. मुलांमध्ये सतत चोळण्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. एसीची जाळी धुणं, बाहेरून आल्यावर चेहरा धुणं आणि डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅलर्जीचे थेंब घालणं, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. मत्रहच्या बाजारातला सुरमा दिसायला कितीही सुरेख असला तरी काही सुरम्यांत शिसं असतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो घालू नये.

दुसरी गोष्ट चरबीची. वय वाढतं तसा तो पातळ पडदा सैल होतो आणि मागची चरबी पुढे डोकावते. ही पिशवी सकाळी असते तशीच संध्याकाळीही असते. आरशासमोर डोकं स्थिर ठेवून नजर छताकडे न्यावी. खालची पिशवी जास्त फुगीर दिसली तर ती बहुधा चरबी असते. अनेक घरांत ती वारशाने येते, आजोबांच्या जुन्या फोटोत नीट पाहिलं तर सापडेल. क्रीमने ही चरबी जात नाही. कॅफीन असलेली क्रीम थोडा वेळ ताण दिल्यासारखी करतात, इतकंच. पिशवीखालचा खळगा भरण्यासाठी सध्या फिलरची इंजेक्शनं देतात. अशी इंजेक्शनं ब्युटी पार्लरमध्ये कधीही घेऊ नयेत. क्वचित फिलर रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

तिसरी कातडी. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेतले ताण धरणारे तंतू लवकर झिजतात आणि आपल्याकडे ऊन वर्षभर असतं. धूम्रपान आणि शीशा त्यात भर घालतात. वरच्या पापणीची सैल घडी पुढे पापण्यांच्या केसांवर टेकते. मग माणूस नकळत भुवया उचलून बघू लागतो आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. गाडी चालवताना वरचा सिग्नल नीट दिसत नाही. अशा वेळी हा प्रश्न दिसण्यापुरता उरत नाही, नजरेचा होतो. गॉगल, टोपी आणि सनस्क्रीन यांनी पुढची झीज कमी होते, झालेली भरून येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ब्लेफॅरोप्लास्टी, पापणीची शस्त्रक्रिया. नाव आधुनिक वाटलं तरी कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत पापण्यांचे २१ रोग सांगितले आहेत. हजार वर्षांपूर्वी बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा सैल पापणीची घडी दोन लहान लाकडी पट्ट्यांमध्ये काही दिवस दाबून ठेवायचा आणि ती गळून पडू द्यायचा. आज बहुधा जागा बधिर करून, पापणीच्या नैसर्गिक घडीतच छेद घेतात. खालच्या पिशवीसाठी अनेकदा पापणीच्या आतून जातात, म्हणजे बाहेर वण दिसत नाही. टाके साधारण आठवड्याने निघतात, काळानिळेपणा ओसरायला दोन आठवडे लागतात. डोळे कोरडे असतील तर ते आधी तपासून घ्यावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

पापणीचं दुखणं किरकोळ नसतं, हे ओमानला चांगलं ठाऊक आहे. खुपरीत पापणी आतल्या बाजूने वळते, केस बुबुळावर घासतात आणि दृष्टी जाते. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपरीचं निर्मूलन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता सर्वांत आधी मिळवणारा देश ओमान, साल २०१२. भारताला ती २०२४ मध्ये मिळाली.

आता ज्यासाठी हा लेख आवर्जून वाचावा ते. पुढची लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये.

लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, पायही सुजत असतील आणि लघवीला फेस येत असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. लघवीची साधी चाचणी पुरते.

सर्दीनंतर एक पापणी लाल होऊन सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला किंवा दिसायला कमी झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ही रांजणवाडी नव्हे.

एक पापणी अचानक खाली आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेट इमर्जन्सी. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी लोंबत असेल तर तो स्नायूंचा आजार असू शकतो.

सुजेबरोबर डोळे बाहेर आल्यासारखे वाटत असतील, किंवा थंडी सोसवत नसेल आणि वजन वाढत असेल तर थायरॉइड तपासावं.

आणि शेवटचं, खास आपल्यासाठी. सुट्टीत गावाहून येताना औषधांच्या डब्यात स्टिरॉइडची क्रीम आणि थेंब असतात, कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर घेतलेले. ते मनाने डोळ्यांभोवती लावले किंवा डोळ्यांत घातले तर डोळ्यांतला दाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो आणि आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते. शस्त्रक्रिया भारतात करायची असेल तर ऑक्युलोप्लास्टीचं प्रशिक्षण घेतलेला नेत्रशल्यविशारद शोधावा आणि तारीख सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातली घ्यावी, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवसांतली नव्हे. टाके आणि पुढची तपासणी त्याच हातांनी झालेली बरी. नजर अडत असल्याने शस्त्रक्रिया करत असाल तर दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि फोटो आधी करून घ्यावेत. विमा कंपनी तेच मागते, कारण निव्वळ दिसण्यासाठीचा खर्च बहुधा कुणी देत नाही.

बाकीच्यांना काहीच करायचं नसेल तर तेही चालेल. आजोबांकडून आलेली पिशवी हा आजार नाही.