बांबूच्या खुंट्यांची शिडी

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५५ साली बोर्निओतील सारावाकमध्ये प्राण्यांचे नमुने गोळा करीत होता. एकदा त्याने गोळी घातलेले ओरांगउटान उंच झाडाच्या बेचक्यातच अडकून राहिले. खोड सरळ व गुळगुळीत. पन्नास-साठ फुटांपर्यंत एकही फांदी नाही. सोबतच्या दोघा दयाक तरुणांना त्याने झाड तोडावयास सांगितले. त्यांनी चढणेच पसंत केले.

जाड बांबू चिरून त्यांनी फूटभर लांबीच्या अणकुचीदार खुंट्या केल्या. एक खुंटी लाकडी मोगरीने खोडात ठोकून ते तिला लोंबकळले. ती टिकली, तेव्हाच पुढचे काम सुरू झाले. खोडालगत एक लांब, सडपातळ बांबू उभा करून प्रत्येक खुंटीचे डोके सालीच्या दोरीने त्याला आवळण्यात आले. एका खुंटीवर उभे राहून चेहऱ्यासमोर पुढची ठोकावयाची, असा हा क्रम. बांबू वर निमुळता झाला की दुसरा जोडावयाचा.

युक्तीचे मर्म त्या उभ्या बांबूत आहे. सुटी खुंटी निसटली तर माणूस खाली आलाच. येथे मात्र तिचा भार वरखालच्या खुंट्यांवर वाटला जातो. मधाच्या पोळ्यांसाठीही दयाक असेच चढत. अरण्यातील झाडांवर वॉलेसला पूर्वी दिसलेल्या खुंट्यांच्या रांगांचा उलगडा त्या दिवशी झाला.