डॉली ते गंगा, आणि कंधारची लाल गाय

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लाल कंधारी जातीचा वळू रिंगणात आला, की जाणते पशुपालक त्याचा रंग, वशिंड, पायांची ठेवण निरखतात. जातिवंत जनावर हेरून वंश पुढे न्यायचं काम कंधार, लोहा, मुखेडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. गेल्या साठ वर्षांत प्रयोगशाळांत जे घडलं, ते मला या गोठ्यांच्या बाजूनं पाहावंसं वाटतं.

1962 मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून ते अंड्यात घातलं. अंड्याचं स्वतःचं केंद्रक आधीच निकामी केलेलं. त्यातून बेडूक वाढला. एकदा आतड्याची झालेली पेशी दुसरं काही होऊच शकत नाही, हा समज तिथं मोडला. 1996 मध्ये स्कॉटलंडात मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून डॉली जन्मली. 277 प्रयत्नांत जगलेलं ते एकच कोकरू. 2006 मध्ये शिन्या यामानाकांना तर अंडंही लागलं नाही: उंदराच्या कातडीतल्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या भ्रूणपेशींच्या जवळ नेल्या.

आपल्याकडे हे काम हरियाणातल्या कर्नालच्या दुग्ध संशोधन संस्थेत रुजलं. 2009 मध्ये गरिमा ही रेडी, आणि 16 मार्च 2023 रोजी गंगा ही गीर कालवड. गंगेसाठी पेशी गीर गाईची, बीजांड साहिवाल गाईचं. सात-आठ दिवस प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण मग गाईच्या गर्भाशयात सोडला.

गीरपर्यंत आलेलं हे विज्ञान लाल कंधारीपर्यंत यावं, पण क्लोनच्या, म्हणजे हुबेहूब नकलेच्या, रूपानं नको. एकाच गाईच्या शंभर नकलांवर जात टिकत नाही. तिला निरनिराळ्या रक्ताचे वळू आणि गाई लागतात. त्यापेक्षा निवडक गाईंचे भ्रूण इतर गाईंत वाढवणं मोलाचं, कारण एरवी चांगली गायही वेताला एकच वासरू देते. आणि त्याही आधी, एखादं रक्त संपलंच तर परत आणता यावं म्हणून, निरनिराळ्या जनावरांच्या पेशी जपायला हव्यात. रेतनाची कांडी घेऊन येणाऱ्या डॉक्टरांच्या कंटेनरमधला द्रव नायट्रोजन गावात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच उणे 196 अंशांत कातडीच्या पेशीही वर्षानुवर्षं टिकतात.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, गोठ्यांत संकरित गाई आल्या, आणि लाल कंधारी मागे पडली. म्हणूनच पेशी जपायची सुरुवात जत्रेतून व्हावी: माळेगावला बक्षिसासाठी उभ्या राहणाऱ्या जनावरांच्या कानाच्या कातडीचा मुगाएवढा तुकडा, मालकाच्या नावानिशी नोंदवून, येत्या जत्रेपासूनच घ्यायला हवा.